सत्ताविसावा पट्टा

हमीद, पट्टे सत्तावीसच होते.

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. बोलायला सुरुवात कुठून करावी हे सुचेना, म्हणून आपल्या जुन्या भांडणापासूनच करतो. तू म्हणायचास, "पंडत, हे मोजायचं काम नव्हं. दगड भिंगाखाली धर, एका पट्ट्यात पाच पट्टे दिसतील. किती मोजशील?" मी म्हणायचो, उघड्या डोळ्यांना दिसतं तेवढं मोजायचं. शेताचं क्षेत्र काढताना आम्ही ढेकळं मोजत नाही. तू हसायचास आणि पुन्हा कमान ओढून साण फिरवायला लागायचास. त्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. आता तो माझ्या एकट्याच्या हातात आहे आणि एकट्यानं लावलेला निकाल मला नको आहे.

कचेरी पाचला सुटते. एकोणीस दिवसांत मी अकरा वेळा शहागंजच्या रस्त्याला लागलो आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. पायांना अजून समजलेलं नाही. तुझं दुकान ते केवढं, चार हात रुंद आणि सात हात खोल. दारात तू, तुझ्यापुढं नगीने घासायची लाखेची साण, उजव्या हाताला पाण्याचं मडकं, आणि आत माझा स्टूल, ज्याचा एक पाय तोकडा होता. त्याखाली ठेवायला तू एक बिघडलेला अकीक दिला होतास. "तुझ्या बुडाखाली नगीना आहे, नवाब झालास," म्हणाला होतास.

आपण वस्तानियात, मधल्या शाळेत, एका बाकावर होतो. गणितात मी पुढं आणि अक्षरात तू. तुझे वडील गेले तेव्हा तू शाळा सोडून त्यांच्या साणेवर बसलास, आणि मी उर्दूतले दाखले लिहीत लिहीत मोजणीच्या खात्यात लागलो. माझ्याशी तू मराठीतच बोलायचास. राग आला किंवा मन भरून आलं की मात्र दखनीवर जायचास. मला तेवढ्यावरून कळायचं.

दाना-फिरंग हा शब्दही मी तुझ्याकडूनच ऐकला. लासूर स्टेशनच्या बाजूला मोजणी चालू होती. एका नव्या विहिरीच्या खोदकामात काळ्या दगडाच्या भेगेत हिरवी पुटं दिसली, ती मी रुमालात बांधून तुझ्यासाठी आणली. वाटेत मी मनाशी हिशेब करत होतो की आपल्या सुभ्यात तांबं सापडलं तर काय होईल. तू तो खडा हातात तोलला, चाकूच्या टोकानं खरवडला आणि माझ्याकडं बघून म्हणालास, "लई मोठा शोध लावलास. ही हिरवी माती आहे. आपल्या काळ्या दगडात असली माती जागोजागी निघते. तांबं नाय आपल्याकडं." मग पत्र्याच्या डब्यातून तू खरा दाना-फिरंग काढलास. बाहेरून द्राक्षाच्या घडासारखा गोळ्यागोळ्यांचा, मातकट. एका बाजूला कापलेला होता, तिथं आत हिरव्यावर हिरवा, फिका, गडद, पुन्हा फिका, असे पट्टे एकात एक बसलेले. मी हातात घेतला आणि त्याच्या वजनानं हात खाली गेला. तेवढ्याच आकाराच्या अकिकाच्या दीडपट तरी भरला असता.

"कुठला?" मी विचारलं.

"नावातच आहे की. फिरंग. लांबचा. वडिलांनी एका इराणी व्यापाऱ्याकडून घेतला. त्याला कुणी दिला त्यालाच ठाऊक."

"आणि होतो कसा?"

"तुझ्या घरात देवाच्या तांब्याला कळंक चढतो ना, हिरवा? तोच. जमिनीच्या पोटात तांबं असतं, त्याला पाणी लागतं, हवा लागते. थेंब थेंब. एक थर बसला की त्यावर दुसरा. किती पिढ्या लागल्या असतील ते तू मोज."

हे वाक्य मी मनात नीट ठेवून घेतलं. तांब्याचा कळंक. पुढं जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे, पण दोष वाक्याचा नाही.

त्याच वर्षी मला मुतखड्याची कळ यायला लागली. मोजणीची साखळी धरून उन्हात उभा असायचो आणि एकदम खाली बसायचो. लोक म्हणायचे, दाना-फिरंग अंगावर ठेवा, गुण येतो. मी ते तुला हसण्यावारी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू तो गोळा लाखेच्या काडीला लावला होतास.

"मी काय हकीम नव्हं," तू म्हणालास. "कळ जाईल का नाय, ते मला माहीत नाय. पण दगड चांगला निघालाय, आणि ह्या शहरात त्याचे पट्टे मोजणारा तू एकटाच आहेस."

अकरा दिवस लागले. मी रोज स्टुलावर होतो. लाख मऊ करताना तू दिवटी किती लांब धरायचास, कारण जास्त तापला तर हा दगड काळा पडतो. घासताना पाण्याची धार एकदाही तुटू दिली नाहीस. नाकाला ओलं फडकं बांधलंस आणि मलाही बांधायला लावलंस. "ह्याची धूळ जहर आहे," म्हणालास. मी म्हटलं, मग मला आत बसवतोस कशाला? तू फडक्यातून म्हणालास, "मोजायला." शेवटी चामड्यावर झिलई दिलीस. तुझ्या वडिलांची झिलई शहरात नाव घेण्यासारखी होती. मी त्या दिवशी पाहिलं की तुझी तिच्या पुढं गेली होती. मधोमध डाळीच्या दाण्याएवढा गडद डोळा आणि त्याच्याभोवती पट्टे. मी मोजले. डोळा धरून सत्तावीस. वजन पाच मासे तीन गुंजा. चांदीच्या कोंदणात बसवून तू अंगठी माझ्या बोटात घातलीस आणि सांगायला लागलास. घामानं मंद होतो, मोजणीला जाताना काढून ठेव. साबण लावू नको. विस्तवाजवळ नेऊ नको. दुसऱ्या नगीन्यांबरोबर एका डबीत ठेवू नको, हा मऊ आहे, अकीक त्याला ओरखडेल. पुसायचा तर सुक्या मलमलीनं. मी खिशातल्या वहीत पाच कलमं लिहून घेतली. तू म्हणालास, "दस्तखत करू का?"

चिंच त्या पाच कलमांत नव्हती. ती तुझ्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. तुमच्याकडं तांब्याची भांडी कल्हईची, ती राखेनं घासतात. देवाचं ताम्हन, पळी, गुढीवरचा तांब्या हे सगळं उघडं तांबं असतं आणि सणाच्या आदल्या दिवशी चिंचेनं उजळतं, हे आमच्या घरातलं. तू सणाला कितीदा तरी जेवायला आलास, पण सणाच्या आदल्या दिवशी कधी आला नव्हतास.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी ही मोरीवर ताम्हन घासत बसली होती. अंगठी तेव्हा घामानं थोडी मंद झाली होती, कारण मोजणीला जाताना काढून ठेवायचं पहिलंच कलम मी पाळलं नव्हतं. मी कोळलेली चिंच उचलली. ही म्हणाली, "अहो, दगडाला कशाला चिंच? त्यांनी सांगितलंय का?" मी म्हटलं, "तांब्याचाच आहे तो. तांब्याला जे, ते त्याला." मला वाटलं, मी तुझ्या पुढचं एक पाऊल टाकतोय. बारीक बुडबुडे आले. मी समजलो मळ निघतोय, म्हणून आणखी चोळलं. मळ नव्हताच, हमीद. कळंकच तो, आणि चिंच कळंक खाते. ताम्हनावरचा खाते तसा हाही खाल्ला. धुतला तेव्हा तो पुसलेल्या पाटीसारखा दिसत होता. ताम्हन मात्र लखलखत होतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्याकडं आलो. वाटेत वाक्य ठरवलं होतं: हमीद, माझ्या हातून चूक झाली. हे वाक्य मी दुकानाच्या पायरीपर्यंत आणलं.

तू अंगठी उजेडाला धरलीस. अंगठा नगीन्यावरून फिरवलास. मग म्हणालास, "हे कशानं?"

"काय माहीत. आपोआप."

"आपोआप?"

"महिनाभरात मंद होत गेलं," मी म्हणालो. आणि मग जे म्हणायचं ठरवलेलंही नव्हतं ते म्हणालो. "झिलई कच्ची राहिली असेल."

का म्हणालो? बातमी कळल्यापासून मी हेच तपासतोय. बावीस वर्षांच्या नोकरीत माझी एकही मोजणी फेरतपासणीत चुकीची निघाली नव्हती, आणि हे तुला माहीत होतं. तुझ्यासमोर मला चुकणारा माणूस व्हायचं नव्हतं, म्हणून तुला केलं. यापेक्षा मोठं कारण सापडत नाही. असतं तर बरं वाटलं असतं.

तू दखनीवर गेलास. "बावा के हात का काम चालीस बरस से चमक रा. मेरा एक महिना नै टिक्या?" आवाज चढवला नाहीस. प्रश्न मला नव्हताच, तो तू तुझ्या हाताला विचारत होतास. बोटं उजेडात धरून बघत होतास.

अंगठी तू ठेवून घेतलीस. दोन आठवड्यांनी परत दिलीस तेव्हा तिच्यावर पहिल्यापेक्षा खोल झिलई होती. "मोज," म्हणालास. मी मोजले. सव्वीस. मधला डोळा घासण्यात गेला होता. वजन मी विचारलं नाही, पण कचेरीजवळच्या सराफाकडं चांदी वजा धरून करून घेतलं. तीन गुंजांची घट. "एक गेला," तू म्हणालास, "वरचा. खाली गेल्याशिवाय झिलई धरेना." मी मान डोलावली.

त्यानंतर महिन्याभरात एक गृहस्थ दाना-फिरंग विचारत आले. मी स्टुलावर होतो. तू म्हणालास, "तो दगड मी करत नाय आता." त्यांनी विचारलं, का. तू म्हणालास, "हात नाय बसत." डब्याचं झाकण लावलंस आणि डबा फळीवर मागं सरकवलास. उरलेले दोन गोळे त्यात होते. त्यानंतर सहा वर्षं तू अकीक केलेस, नावाच्या मोहरा कोरल्यास. पण तो डबा माझ्या डोळ्यांसमोर परत उघडला नाहीस. मी रोज त्या डब्याखाली बसत होतो.

दर पाडव्याच्या आदल्या दिवशी चिंच कोळायच्या आधी ही माझ्या बोटातली अंगठी काढून कोनाड्यात ठेवते. ठेवताना विचारते, "सांगितलं का भाऊजींना?" मी म्हणतो, सांगेन. एका वर्षी म्हणाली, "माझ्यावर ढकला हवं तर. म्हणावं, बायकोनं घासली." मला इतकं लागलं की मी त्या दिवशी तिच्याशी बोललो नाही. तिच्यावर ढकललं नाही, एवढंच या सगळ्यात मी बरं केलं.

शेवटच्या संध्याकाळी काही विशेष नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला लासूरला जायचं होतं. तुला थोडी कसर होती, पण साण चालू होती. मी उठलो तेव्हा तू कमान बाजूला ठेवलीस आणि नेहमीसारखं विचारलंस, "और कुछ?"

मी म्हणालो, "काही नाही. सोमवारी येतो."

सोमवारी आलो तेव्हा दुकानाला कडी होती आणि पायरीवर मडकं उपडं. शेजारच्या अत्तरवाल्यानं सांगितलं, ताप डोक्यात गेला, शुक्रवारी सकाळी गेला. मिट्टीला मी नव्हतो. ज्या वेळी तुझ्यावर माती लोटत होते त्या वेळी मी लासूरला एका बांधाचा कोन घेत होतो. कोन बरोबर आला.

गेल्या गुरुवारी भाभींनी बोलावणं पाठवलं. तुझ्यामागं इद्दतीत आहेत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत, म्हणून आतल्या दाराला चादर लावली होती. मी बाहेर तक्तपोसावर बसलो. शेजारी भाभींचे वडील, त्यांना ऐकू येत नाही. चादरीखालून पत्र्याचा डबा पुढं आला. झाकणावर तुझ्या कोरणीनं लिहिलं होतं: पंडत.

"तुम्हारी अमानत है," भाभी म्हणाल्या.

मला डब्याला हात लावता येईना. सहा वर्षांत तुला जे सांगितलं नाही ते मी एका चादरीला सांगितलं. चिंच, ताम्हन, बुडबुडे, आणि झिलई कच्ची म्हणालो ते. म्हातारे माझ्याकडं बघून मान हलवत होते. त्यांना वाटलं मी तुझ्या गुणांचं बोलतोय.

मग भाभी म्हणाल्या, "उनकू मालूम था, भाईजान."

"काय मालूम था?"

"इमली. नगीना कोंदण में से निकाले तो नीचे रेशा फँसा था. मेरेकू ला के बताए, ये क्या है करके. मैं बोली, इमली है, और क्या. कागज में बाँध के रख दिए."

"केव्हा?" मी विचारलं.

"तुमे अंगूठी दे के गए ना, उसीच हफ्ते. मैं बोली, पूछो ना उनकू. बोले, नक्को. उने खुद बोलेगा."

डबा घरी येऊन उघडला. दोन गोळे, मलमलीत वेगवेगळे गुंडाळलेले, एकमेकांना लागू नयेत असे. तुझं भिंग. आणि कागदाची घडी, तिच्यात तपकिरी तंतू, बोटाच्या पेराएवढा.

मग मला आठवलं. "और कुछ?" हे तू गिऱ्हाइकांना विचारायचास, जिन्नस हातात दिल्यावर. मला विचारायचं तुला कारण नव्हतं. शाळेपासून कधी विचारलं नव्हतंस. त्या पाडव्यानंतर विचारायला लागलास. मी उठलो की कमान बाजूला, हात मांडीवर, आणि "और कुछ?" आठवड्यातल्या चार संध्याकाळी धरल्या तर सहा वर्षांच्या बाराशे अठ्ठेचाळीस होतात. माझे फिरतीचे दिवस वजा केले तरी हजाराच्या खाली येत नाहीत. हजार वेळा तू हातातलं काम थांबवलंस. हजार वेळा मी म्हणालो, काही नाही.

एका गोष्टीचं मला बरं वाटतं, ते कबूल करतो. आपला हात गेला असं समजून तू गेला नाहीस. आठवडाभर तसं वाटलं असेल, तेवढा आठवडा माझ्या नावावर. पण मग हिरवा दगड का सोडलास? हात शाबूत आहे हे तुला ठाऊक होतं. "हात नाय बसत" असं त्या गृहस्थांना माझ्यासमोर का सांगितलंस? मी मध्येच उठून बोलावं म्हणून? की ज्या दगडानं आपल्यात हे आणलं तो तुला पुन्हा साणेवर धरवेना? भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, ते मला बोलले नाहीत. हे उत्तर फक्त तुझ्याकडं होतं. मी कुठल्याही बाजूनं मांडून पाहतो, बाकी उरतेच.

डब्यावर नाव केव्हा कोरलंस, तेही माहीत नाही. अक्षर वळणदार आहे, घाईनं लिहिलेलं नाही. त्या नावाकडं बघितलं की मला तुझ्यावर रागावता येत नाही आणि स्वतःवर पुरतं रागावताही येत नाही. माझा खोटेपणा माहीत असून तू मला सहा वर्षं तोच स्टूल दिलास, त्याचा पाय डुगडुगला की अकीक पायानं नीट सरकवलास. एवढं मला दुसऱ्या कुणी दिलं नाही. आता कुणी देणारही नाही.

गोळे मी कापून घेणार नाही. मलमलीत, कोरड्या जागी, विस्तवापासून लांब, वेगवेगळे ठेवले आहेत. वहीतल्या पाच कलमांखाली सहावं लिहिलं: आंबट लावू नये. हिनं ते वाचलं आणि वही माझ्या खिशात परत ठेवली.

काल दुपारी खिडकीशी बसून अंगठी तुझ्या भिंगाखाली धरली. तू म्हणालास ते खरं आहे. एका पट्ट्यात पाच दिसतात, आणि त्यातल्या एकात आणखी, इतके बारीक की मी मोजणी सोडून दिली. आयुष्यात पहिल्यांदा सोडली. तू असतास तर मडक्यातलं पाणी माझ्या अंगावर उडवलं असतंस.

आज पाचला कचेरी सुटली आणि मी अर्ध्या वाटेवरून परत फिरलो नाही. तुझ्या पायरीवर बसलो. दाराला कडीच आहे. अत्तरवाल्यानं मान हलवली, मीही हलवली. तुझी दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत थांबलो. मग उठलो. कुणी काही विचारलं नाही.

हमीद, चिंच मी लावली होती. तुझी झिलई पक्की होती.